तिसऱ्यांच्या डब्यात वाटाण्याएवढा खेकडा: एका घरगुती किचनचं प्रकरण

नावं, एरिया आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. ज्या ताईंचं हे किचन आहे त्यांना आणि ज्या घरी डबा गेला त्यांनाही विचारून लिहितोय. मी स्वतः घरगुती खाद्यव्यवसाय करणाऱ्यांना नोंदणी, लेबल, स्वच्छता, हिशोब असल्या कामांत मदत करतो, आणि ताईंच्या मुलीचा मला फोन आला तेव्हा प्रकरण अर्धं बिघडून झालेलं होतं.

पार्श्वभूमी

दादरला एका जुन्या बिल्डिंगमध्ये दोन खोल्यांत ताईंचं किचन चालतं. शनिवार-रविवार नॉनव्हेज, बाकी दिवस साधे डबे. ऑर्डर सगळ्या व्हॉट्सॲपवर, एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची, नोंदणी आहे आणि नंबर स्टिकरवर छापलेला असतो. हाताखाली एक मदतनीस, रविवारी मुलगी पॅकिंगला. सुरमई, बोंबील, कोळंबीची खिचडी हे सगळं आहेच पण खरी माणसं येतात ती तिसऱ्यांच्या, म्हणजे खाडीतल्या छोट्या शिंपल्यांच्या, एकशिपीसाठी. ज्यांनी खाल्लं नाही त्यांच्यासाठी सांगतो, तिसरी उघडायची, रिकामी शिंपली फेकायची, मास ज्या शिंपलीला चिकटलंय ती तशीच ठेवायची आणि शिंपलीसकट वाटणात शिजवायची.

ताईंच्या सासूबाईंची पद्धत अशी की तिसऱ्या तीनचार पाण्यांत खळखळून धुवायच्या, थोडा वेळ फ्रीझरमध्ये टाकायच्या म्हणजे तोंड जरा सैल होतं, मग विळीवर एकेक उघडायची आणि आतलं पाणी वाटीत धरायचं. वेळखाऊ काम आहे, पण त्यात एक गोष्ट आपोआप होते, प्रत्येक तिसरी उघडी होऊन माणसाच्या डोळ्याखालून जाते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे.

थंडीतला एक रविवार. परळच्या एका टॉवरमधून केळवणाची ऑर्डर आली, पंचवीस माणसांची, एकशिपी हवंच. एवढ्या तिसऱ्या विळीवर उघडायच्या म्हणजे पहाटे तीनला उठावं लागलं असतं, म्हणून त्या दिवशी ताईंनी मोठ्या पातेल्यात वाफवून उघडल्या. वाफेवर तिसऱ्या धडाधड उघडतात, मदतनीस भराभर एकेक शिंपली काढून टाकत गेली, उरलेलं पाणी मलमलच्या फडक्यातून गाळून रश्श्याला घेतलं. सगळं रोजच्यासारखं स्वच्छ. फक्त बघण्याचा वेळ कमी झाला.

नेमकं काय झालं

दुपारी पावणेदोनच्या सुमाराला मेसेज आला. फोटो होता, ताटात एक शिंपली, तिच्यात मास, आणि मासाच्या कडेला नारिंगीसर गोल काहीतरी, पाय पोटाशी घेतलेले. खाली "काकू हे काय आहे?? किडा आहे का??" ताई त्यावेळी दुसऱ्या ऑर्डरच्या घाईत, त्यांनी ओल्या हाताने उत्तर टाकलं की मॅडम समुद्रातलंच आहे, असतं कधीकधी, घाबरू नका, काही होत नाही.

आता यातला प्रत्येक शब्द तसा खरा होता, फक्त शेवटचे तीन सोडून.

तोपर्यंत तो फोटो त्यांच्या फॅमिली ग्रुपवर गेला होता. तिथे एकजण म्हणाला झुरळाचं पिल्लू, दुसरा म्हणाला गोचीड, एका काकांनी तर ठामपणे सांगितलं की हे चायनीज प्लॅस्टिक आहे. (प्लॅस्टिकचे तांदूळ, प्लॅस्टिकची अंडी, आता प्लॅस्टिकचा खेकडा, आपल्या ग्रुपांना काही कमी नाही.) तिथून सोसायटीच्या ग्रुपवर, आणि त्या सोसायटीत ताईंची सातआठ नेहमीची घरं. ताईंच्या मुलीने चिडून त्या ग्रुपवरच्या एका ओळखीच्यांना खेकड्याच्या इंटरनेटवरच्या लिंका पाठवल्या, मग तर ते भांडणच झालं, किडा की खेकडा.

संध्याकाळी त्याच मॅडमचा दुसरा मेसेज आला आणि तो वेगळ्या सुरातला होता. त्यांच्या सासूबाईंना कोळंबी आणि चिंबोरीची, म्हणजे खेकड्याची, ॲलर्जी आहे, तिसऱ्या मात्र त्या वर्षानुवर्षं खातात, कधी काही झालं नाही. आज जेवल्यावर ओठांना खाज सुटली, मानेवर गांधी उठल्या. घरात डॉक्टरांनी देऊन ठेवलेली गोळी होती ती घेतली, तासाभरात उतरलं. शेवटी एकच ओळ, "काकू तुम्ही म्हणालात काही होत नाही."

मुलीने मला फोन केला तो हे वाचून.

हा खेकडा कोण

फोटो मी माझ्या भाचीला पाठवला. ती मरीन लाइफ ऑफ मुंबईच्या शोअर वॉकला जाते, हाजी अली, जुहू, गिरगाव इथे ओहोटीला खडकांत वाकून बसणाऱ्या मंडळींपैकी. तिने दोन मिनिटांत सांगितलं, मामा हा पी क्रॅब आहे, वाटाण्याएवढा खेकडा, शिंपल्याच्या आत राहणारा, आणि बहुतेक मादी आहे.

या कुळातले बरेचसे खेकडे दुसऱ्या कोणाच्या तरी अंगात घर करून राहतात. तिसऱ्या, कालवं, शिणाणे असे दोन शिंपल्यांचे प्राणी हे त्यांचं आवडतं घर. पूर्ण वाढलेली मादी जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर, नर त्याहून लहान. तिसरी पाणी आत ओढते, कल्ल्यांवर त्यातलं बारीकसारीक अन्न गाळून धरते, आणि हा आत बसलेला भाडेकरू त्या गाळलेल्या अन्नावरच हात मारतो. फुकट राहणं, फुकट जेवण. तिसरी त्याने मरत नाही, पण कल्ल्यांना इजा होते आणि अन्न वाटलं गेल्याने मास कमी भरतं, म्हणून जिथे शिणाण्यांची शेती होते तिथे हा खेकडा नकोसा असतो. ॲरिस्टॉटलने मात्र लिहून ठेवलं होतं की असा खेकडा शिंपल्याचा राखणदार असतो आणि तो गेला की शिंपलाही मरतो. बरीच शतकं लोकांनी ते मानलं. आता त्याला सरळ परजीवी म्हणतात.

मादी एकदा आत स्थिरावली की बाहेर पडतच नाही. त्यामुळे तिचं कवच मऊ राहतं, जवळजवळ पारदर्शक, डोळे अगदी टिंबाएवढे, पायांत जोर नाही. नर कडक कवचाचा आणि फिरस्ता, मादी शोधत एका शिंपल्यातून दुसऱ्यात जातो. बंद शिंपल्यात शिरायचं कसं, तर न्यूझीलंडच्या संशोधकांनी २०१५ मध्ये तिथल्या शिणाण्यांवर दाखवून दिलं की नर शिंपल्याची कड तासन् तास चोळत राहतो, गुदगुल्या केल्यासारखा, मग शिंपला सैलावतो आणि हा आत.

आणि खाण्याच्या दृष्टीने? शिजलेला हा खेकडा विषारी बिषारी काही नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर कालवांत सापडणारा त्याचा भाऊबंद एकेकाळी चैनीचा पदार्थ म्हणून तळून खायचे. उलट तिसऱ्यांची खरी भीती वेगळीच असते. हा प्राणी दिवसभर पाणी गाळतो, आणि मुंबईच्या खाड्यांत काय काय वाहत येतं ते मी सांगायला नको, पाण्यातले जंतू त्याच्या अंगात साठतात. त्याबद्दल त्या सगळ्या ग्रुपवर एकानेही विचारलं नाही.

मग अडचण कुठे होती

सगळे भांडत होते ते स्वच्छतेवर. ताईंची बाजू म्हणत होती घाण नाही, निसर्ग आहे. समोरची बाजू म्हणत होती घाण आहे. पण सासूबाईंच्या दृष्टीने ते स्वच्छ असलं काय आणि नसलं काय, तो खेकडा होता, बस.

कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असणाऱ्या बऱ्याच जणांच्या बाबतीत शरीर ज्याच्यावर उठतं ते म्हणजे ट्रोपोमायोसिन नावाचं प्रोटीन. ते उष्णतेने मोडत नाही, म्हणजे कितीही उकळा, ॲलर्जी तशीच. तिसऱ्यांतही त्याचा चुलतभाऊ असतो, म्हणून काहींना दोन्ही चालत नाहीत आणि काहींना तिसऱ्या चालतात पण खेकडा नाही. सासूबाई दुसऱ्या गटातल्या. (घरातल्या धुळीतल्या माइटमध्येही असंच प्रोटीन असतं, हे मला तेव्हा डॉक्टरांशी बोलताना कळलं, विषय कुठून कुठे जातो बघा.) आपल्याकडे पाकिटबंद खाण्याच्या लेबलवर जी ॲलर्जीची यादी लिहावी लागते, २०२० च्या नियमांतली, त्यात खेकडा-कोळंबी वर्ग आहे पण शिंपलेवाले प्राणी वेगळे लिहिलेले नाहीत. युरोपात दोन्ही वेगवेगळे लिहावे लागतात. म्हणजे ताईंनी कायद्याची यादी समोर ठेवून विचार केला असता तरी एकशिपीपुढे काही लिहायचं सुचलं नसतं.

सासूबाईंना त्रास झाला तो त्या खेकड्यामुळेच का, हे मात्र कोणी सिद्ध केलं नाही. खेकडा सापडला त्या घरच्या आत्याबाईंच्या ताटात. सासूबाईंच्या ताटात एखादा चावून गेला असेल, किंवा वाफवलेलं पाणी रश्श्यात गेलं त्यातून आलं असेल, किंवा केळवणाच्या टेबलावर कोळंबीची खिचडीही होती, डाव इकडचा तिकडे झाला असेल. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं की शक्य आहे.

कोणते पर्याय होते

रविवारी रात्री आम्ही चौघं बसलो, ताई, मुलगी, मी आणि ताईंचे मिस्टर, जे पूर्ण वेळ फक्त "मिटवून टाका" एवढंच म्हणत होते.

मिटवून टाकणं म्हणजे पूर्ण पैसे परत आणि विषय बंद. सोपं होतं, पण मॅडमनी पैसे मागितलेच नव्हते, आणि न मागता पैसे परत करून गप्प बसलं की समोरच्याला वाटतं काहीतरी लपवतायत. मुलीला सोसायटीच्या ग्रुपवर मोठा खुलासा टाकायचा होता, खेकड्याचे फोटो, माहिती, सगळं. मी त्याच्या ठाम विरोधात होतो, कारण ज्या घरात म्हाताऱ्या बाईंना त्रास झालाय त्यांना प्राणिशास्त्र शिकवायला जाणं म्हणजे जखमेवर मीठ.

ताईंचा स्वतःचा कल एकशिपी बंदच करून टाकण्याकडे होता. "नको बाई, एवढ्या वर्षांचं नाव घालवायचंय का." हा पर्याय वाटतो तितका भित्रा नाही, कारण दुसरी बाजू अशी की खाद्यसुरक्षा कायद्याच्या ५४ व्या कलमात खाण्यात बाहेरची वस्तू सापडली तर एक लाखापर्यंत दंड आहे, आणि कच्च्या मालाबरोबर आलेली वस्तूही बाहेरची वस्तू या व्याख्येत बसू शकते. शिंपल्यातच वाढलेला खेकडा बाहेरचा कसा, हा वाद घालता येईल, पण घरगुती किचन चालवणाऱ्या बाईने तो वाद घालायला जाऊ नये असं माझं मत.

मासेवाली बदलायची, असंही निघालं. म्हणून दुसऱ्या दिवशी ताई आणि मी बाजारात त्या मासेवाल्या मावशींकडेच गेलो. त्यांनी फोटो बघितला आणि हसल्याच. "अगो, हा तर आतलाच, नेहमीचा. आमी उघडताना काढून टाकतो, तुला कधी दिसला नाय?" ताईंनाही मग आठवलं की विळीवर उघडताना असे दिसायचे, त्या नखाने उडवून द्यायच्या, कधी विचारच केला नव्हता. मावशींनी आणखी एक सांगितलं, सगळीकडच्या मालात सारखे नसतात, एखाद्या खाडीच्या मालात भरपूर, एखाद्यात औषधालाही नाही. म्हणजे विक्रेता बदलून खेकडा टळेल याची काही गॅरंटी नव्हती.

खात्री म्हणून दोन ठिकाणचे दोन वाटे घेऊन घरी विळीवर उघडले. एका वाट्यात तीन निघाले, दुसऱ्यात एकही नाही. तिघांतली एक मादी जिवंत होती, ती आम्ही स्टीलच्या ताटलीत ठेवून मोबाइलचा टॉर्च मारला. साबुदाण्याच्या पापडासारखं अर्धपारदर्शक कवच, आणि पोटाखाली अंड्यांचा नारिंगी गोळा आरपार दिसत होता. ताईंनी चमच्याच्या टोकाने तिला उलटी केली तर तिला परत सरळ होता येईना, पाय नुसते हलत राहिले. ताईंनीच मग तिला सरळ केलं, आणि म्हणाल्या, "एवढ्याशा जिवाने केवढा तमाशा केला."

काय केलं

पहिलं काम ताईंनी केलं ते फोन. मेसेज नाही, फोन, आणि मॅडमना नाही, थेट सासूबाईंना द्यायला सांगून. तब्येत विचारली, मग सांगितलं की तो खेकडाच होता, तिसरीच्या आत राहणारा, आमच्याकडून बघायचा राहिला, आणि मी काही होत नाही म्हणाले ते तुम्हाला ॲलर्जी आहे हे माहीत नसताना म्हणाले, तसं म्हणायला नको होतं. सासूबाई म्हणाल्या, अहो मलाही कुठे माहीत होतं तिसरीत चिंबोरी असते म्हणून. पुढचा अर्धा तास त्या दोघी माहीमच्या जुन्या बाजाराबद्दल बोलत होत्या असं मुलगी सांगते. एकशिपीचे पैसे परत केले, बाकी ऑर्डरचे नाही. त्यावर घासाघीस झाली नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर ताईंनी काहीच टाकलं नाही. मॅडमनीच दोन दिवसांनी लिहिलं की तो किडा नव्हता, खेकडा होता, काकूंनी नीट बोलून घेतलं, ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी जपा. चायनीज प्लॅस्टिकवाले काका अजून पटलेले नाहीत म्हणे.

किचनमध्ये तीन बदल झाले. एकशिपी पुन्हा फक्त विळीवर उघडूनच, ऑर्डर कितीही मोठी असो, आणि एका वेळी घेता येईल त्यापेक्षा जास्त ऑर्डर घ्यायची नाही. उघडायचं काम ट्यूबलाइटच्या उजेडातून काढून खिडकीशी नेलं, शेजारी पांढरी थाळी, उघडलेली तिसरी आधी थाळीत, मग बोटाने मास उचलून खाली बघायचं, मग पातेल्यात. मादी कल्ल्यांच्या घडीत दबून बसते, नुसतं वरून बघून दिसत नाही, म्हणून हे बोट फिरवणं गरजेचं. आणि मेनूच्या ब्रॉडकास्टमध्ये एकशिपीखाली एक ओळ आली: "तिसऱ्यांत नैसर्गिकरीत्या बारीक खेकडा असू शकतो. खेकडा-कोळंबीची ॲलर्जी असल्यास कृपया मागवू नये."

ही ओळ टाकायला ताई तयार नव्हत्या. त्यांचं म्हणणं, आपणच आपल्या पदार्थाला नाव कशाला ठेवायचं. मुलीने टाकली.

निकाल

त्या ओळीनंतर पहिल्या दोन आठवड्यांत एकशिपीच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या. मग हळूहळू परत आल्या, पूर्वीइतक्या नाहीत पण येतात. एक अनपेक्षित गोष्ट झाली, दोन नव्या घरांनी ती ओळ वाचून फोन केला की आमच्याकडे मुलाला कोळंबीची ॲलर्जी आहे, तुमच्याकडे तळणाचं तेल वेगळं असतं का? नव्हतं. बोंबील आणि कोळंबी एकाच कढईत तळली जायची. आता नाही, म्हणजे निदान रविवारी तरी नाही.

सोसायटीतलं एक घर कायमचं सुटलं. केळवणवाल्या मॅडम मात्र लग्नानंतर पुन्हा मागवायला लागल्या, सुरमई आणि डाळिंबीची उसळ. सासूबाईंनी तिसऱ्या सोडल्यात, ॲलर्जीची तपासणी करून घ्या म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय ती अजून केलेली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या मेसेजला उत्तर देण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा होता, "कोणाला खेकड्याची ॲलर्जी आहे का?" दहा सेकंदांचं काम. त्यावेळी जेवण चालू होतं, सासूबाईंच्या ताटातलं संपलं नव्हतं. कोणाच्याही खाण्यात काहीही वेगळं निघालं तर ते काय आहे हे ओळखण्याआधी हा प्रश्न यायला हवा, कारण ओळखणं नंतरही होतं.

पद्धत बदलली त्या रविवारी, त्यावर कोणी थांबून विचार केला नाही. वाफवणं चुकीचं नाही, हॉटेलांत तसंच करतात, आणि उकळून निघाल्यामुळे जंतूंच्या दृष्टीने वाईट तर नाहीच. पण जुन्या पद्धतीत जे बघणं फुकटात होत होतं ते नव्या पद्धतीत वेगळं लावावं लागतं, वाफवल्यावर शिंपली काढताना उजेड आणि वेळ दिला असता तर वाफवूनही चाललं असतं. मदतनीसबाईंवर सुरुवातीला सगळे घसरले, ते मला पटलं नाही. तिला घाई करायला सांगितलं होतं, काय बघायचं ते सांगितलं नव्हतं. मावशींना जे माहीत होतं आणि ताईंच्या बोटांना जे माहीत होतं ते तिच्यापर्यंत कधी पोचलंच नाही.

ऑर्डर घेताना ॲलर्जी विचारणं हे अजूनही नीट बसलेलं नाही. घरच्या डब्यांना ठीक आहे, पण केळवण, बारसं, साखरपुडा अशा ऑर्डरमध्ये मागवणारा एक आणि खाणारे पंचवीस, मागवणाऱ्याला तरी कुठे सगळ्यांचं माहीत असतं. ताई आता अशा ऑर्डरला डब्यावर वेगळं स्टिकर लावतात. ते किती जण वाचतात हा प्रश्न आहेच, कारण टेबलावर येईपर्यंत पदार्थ डब्यातून चांगल्या भांड्यात गेलेला असतो आणि स्टिकर किचनच्या ओट्यावर राहिलेलं.

आणि भावाचं गणित. विळीवर उघडायला दुप्पट वेळ, मदतनीसबाईंना त्याचे जादा पैसे, म्हणून एकशिपीची प्लेट महाग झाली. येत्या सीझनला पंचवीस माणसांची ऑर्डर आली तर घ्यायची की नाही यावर घरात दोन मतं आहेत. मिस्टर म्हणतात नको. ताईंनी मावशींना विचारून ठेवलंय की उघडून, साफ करून, एकशिपी करूनच माल देशील का, आणि मावशींनी जो भाव सांगितला त्यावर सध्या दोघींची बोलणी अडलेली आहेत.